मोडना ते नवा

जमुनाबाईनं लाकडं फोडायला म्हणून पडवीतल्या खुंटीकडे हात नेला, तर खुंटी रिकामी. दुसऱ्या दिवशी कानबाई देवीच्या रोटांचा सण. सगळे भाऊबंद ब्राह्मणपुरी गावात तिच्या दारी जेवायला येणार आणि मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या मागणार. खापराला गॅस चालत नाही, त्याखाली बारीक फोडलेली बाभळीची लाकडंच लागतात.

"मन्हा कोयता कठे शे?" ती ओरडली.

तिचा नवरा दलपत, अंगात आल्यासारखा खुशीत. त्यानं खोक्यातून हातभर लांब, चकचकीत सुरा काढला. काळ्या रबरी मुठीचा.

"शहादाथून लई उनू! जंगलमा वापरतस असा. वरथून ठोका मारा का लाकूड दोन तुकडा. आयुष्यभरनी गॅरंटी, मोडना ते नवा!"

"मी कोयतानं विचारी ऱ्हायनी!"

"तो... चंपालाल शेटले दिधा. जुनं लोखंड दिधं ते पाचशे कमी."

झालं! बावीस वर्षांपूर्वी बापानं लग्नात दिलेला कोयता, ज्याच्या धारेला आजवर साधी खाच पडली नव्हती, तो गेला भंगारात. जमुनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुन्हा टाळकामा भुसा भरेल शे का?" तिनं विचारलं. शेजारी मागावा, तर आज घरोघरी लाकडंच फुटत होती. "आते हाऊच वापरनं पडी. जाय, आधी दोधूकडथून पाणी पाजी लई ये!"

आता नवी पात भट्टीत तापवून, पाण्यात चरचरवून आणल्याशिवाय गावात कोणी वापरतच नाही. दोधू लोहारानं सुरा लालबुंद केला. रबरी मूठ वितळून भट्टीत ठिबकली, तेव्हा त्यानं नाक मुरडलं आणि बाभळीची मूठ ठोकून दिली. दलपत घरी आला तो जळक्या टायरचा वास घेऊनच.

जमुनाबाईनं सुरा ओंडक्यावर टेकवला आणि वरून दगडाचा एकच ठोका मारला. ओंडका जसाच्या तसा. सुऱ्याचे दोन तुकडे.

पाणी पाजायला आपणच पाठवलं, हे तिला तेवढ्यात आठवलं आणि तिचा राग दुप्पट झाला. दोन्ही तुकडे पदरात घेऊन ती मिळेल त्या रिक्षात बसली आणि थेट शहाद्याला चंपालाल शेटच्या दुकानात उतरली.

"हाऊ मोडना. नवा दे!"

शेटनं तुकडे उलटेपालटे केले, वास घेतला. "बाई, ही मूठ कंपनीची नाही. भट्टीत घातला ना? मग गॅरंटी कसली?"

"ते मन्हा कोयता दे!"

"भंगार होतं ते. केव्हाच गाडीत गेलं."

जमुनाबाईनं असा आवाज लावला, की समोरच्या कापडवाल्यानं तागा गुंडाळायचं सोडून तमाशा पाहायला सुरुवात केली. ती दम घ्यायला थांबली तेव्हा आतून आवाज आला. ठक. ठक. हा आवाज तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता. पडदा सारून ती तडक आत घुसली.

आत शेटची बायको हुलासबाई खिळे ठोकलेली लाकडी पेटी फोडत बसली होती. पेटीत गवतात गुंडाळलेले चकचकीत सुरे. आणि तिच्या हातात जमुनाबाईच्या बापाचा कोयता.

"इतना बढिया कोयता," हुलासबाई म्हणाली, "मीच भंगारातून काढून ठेवला."

"ह्या सुरासघाई का बरं नही फोडस?" जमुनाबाईनं पेटीतल्या सुऱ्यांकडे बोट केलं.

"अय्यो, नवा माल! मोडला म्हणजे?"

शेट दारात येऊन उभा होता. त्यानं कपाळाला हात लावला. जमुनाबाईनं कोयता काढून घेतला आणि सुऱ्याचे दोन्ही तुकडे हुलासबाईच्या ओंजळीत ठेवले.

"हाई घ्या जुनं लोखंड. फिटंफाट!"

"अहो बाई, अजून चार पेट्या बाकी आहेत!" शेट मागून ओरडला. "त्या कशानं उघडू?"

"सुरा शेतस ना पेटीभर," जमुनाबाई रिक्षात चढता चढता म्हणाली. "मोडना ते नवा!"