बेहालाच्या घराचे मजले

दिगंबरपंत लेले रोज सकाळी चहा पिता पिता दुसऱ्याच्या घरावर एखादा मजला चढवत. घर बेहालाला होतं आणि दिगंबरपंत भवानीपुरात, आमच्या गच्चीवर. मधे चार मैलांचं कलकत्ता पसरलेलं. थंडीत कोवळं ऊन आणि चुलींचा धूर एकमेकांत मिसळला की ते नैऋत्येकडे बोट करून म्हणत, "तो बघा, जोशी. नारळाच्या उजवीकडे. गौरने आणखी एक मजला काढलाय. टिपून ठेवा."

मला नारळसुद्धा दिसत नसे. पण त्या धुरकट पिवळ्या उजेडात खोटं काय नि खरं काय हे ठरवायची घाई होत नाही. मी मान डोलवायचो आणि ऑफिसला उशीर करून घ्यायचो.

सत्तर सालच्या आसपास बँकेने माझी कलकत्त्याला बदली केली. घोषबाबूंच्या घराचा पहिला मजला आम्हाला मिळाला आणि गच्चीवरची एकुलती खोली दिगंबरपंतांकडे आधीपासूनच होती. जन्म कलकत्त्याचा. सियालदहजवळच्या एका बंगाली शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सगळी गल्ली त्यांना 'मास्टरमशाय' म्हणे आणि दिसले की विचारी, "काय मास्टरमशाय, आज किती मजले?"

"पाच," दिगंबरपंत गंभीरपणे सांगत. "पाचव्याला अजून गिलावा व्हायचाय."

आता हा गौर कोण ते सांगितलं पाहिजे. बंगालात कवियाल असतात. दोन कवियाल मांडवात समोरासमोर उभे राहतात, मागे ढोल वाजत असतो, एकाने पद्यात सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे, त्याच ठेक्यात उत्तर द्यायचं. आपल्या सवाल-जवाबाचाच भाऊबंद, फक्त जास्त भांडखोर. उत्तर सुचलं नाही, ठेका सुटला, की हरलात. गौर त्या काळातला सगळ्यांत गाजलेला कवियाल. त्याची जीभ इतकी वेगाने चाले की ढोलवाला घामाघूम होई. त्याच्या तबकड्या निघाल्या होत्या, काळी मोटार होती, बेहालाला घर होतं. किती मजल्यांचं, ते मात्र दिगंबरपंतच जाणोत.

त्यांना ही माहिती कुठून मिळे, हा शोध माझ्या बायकोने, मालतीने लावला. म्हाताऱ्याला मुरमुऱ्यांची भारी आवड, असं आम्हाला वाटायचं. प्रत्यक्षात ते मुरमुरे चिमण्यांना घालत आणि पुडीचा कागद उलगडून वाचत. जुन्या वर्तमानपत्रांच्या त्या पुड्यांत महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या वेळी गौरचं नाव सापडे. बातमी शिळी आणि बहुधा अर्धी असे. 'प्रसिद्ध कवियाल गौर यांनी नुकतीच काळ्या रंगाची' इथे पुडी कातरलेली. पुढची मोटार दिगंबरपंतांनी पुरी केली. कातडी गाद्या, मागच्या काचेला मखमली पडदा, चालक बिहारी, नाकासमोर बघून चालवणारा.

"पडदा कशावरून?" मी विचारलं.

"अहो, गौरला ऊन सोसत नाही! लहानपणी उन्हाने घोळणा फुटायचा त्याचा."

घरही असंच वाढत गेलं. संगमरवरी जिना झाला, मिळालेल्या शाली ठेवायला वेगळी खोली झाली, माळी आला. तळमजल्यावर मात्र पूर्वेकडची एक खोली कायम रिकामी असे. वर कितीही मजले चढोत, तिच्यात काही ठेवलं जात नसे. मालतीने एकदा विचारलं, "काका, ती खोली कुणाची?" ते म्हणाले, "असेल कुणाची तरी. जिने चढता न येणाऱ्याची."

त्यांचा दुसरा छंद फेरीवाल्यांचा. गल्लीत कुणी आरोळी दिली की हे कठड्यावरून वाकून हात वर करत. "थांब! पुन्हा म्हण. एक मात्रा कमी पडतेय." बिचारा टोपली डोक्यावर घेऊन पुन्हा म्हणे. मासेवाल्याला त्यांनी अशी आरोळी बांधून दिली होती की आमच्या घरात मासे चालत नसूनही मालती ती पोळ्या लाटताना गुणगुणायची.

गौरही त्यांना असाच सापडला. सियालदहच्या फलाटावर दहा-अकरा वर्षांचा पोर लिंबं विकत होता. बाप बाजारात ओझी वाहायचा. दमदमकडच्या गाड्या लागल्या, गर्दी उतरली, की हा पोर एकेका उतारूकडे बघून तिथल्या तिथे यमक जुळवायचा. टकल्या बाबूवर एक, छत्रीवाल्या बाईवर एक. "माझी गाडी सुटली, जोशी. दुसरी सुटली. तिसरीही सुटली. मग मी त्याचा हात धरला आणि घरी आणला. हिने त्याला वरणभात वाढला. तो म्हणाला, यात मासा कुठाय?" एवढं सांगून ते पोट धरून हसत. पुढची सात वर्षं गौर त्यांच्याकडेच वाढला. दिवसा शाळा, संध्याकाळी रामरक्षा आणि पाढे. बंगाली पोराला रामरक्षा कशाला, असं विचारलं की उत्तर तयार असे. "जीभ सुटते! टिपून ठेवा."

गल्लीत कुणाचाच यावर विश्वास नव्हता. घोषबाबू तर तोंडावर म्हणत, "एवढा पोटचा पोर असल्यासारखा, मग कधी भेटायला कसा नाही येत?" दिगंबरपंत हसून म्हणत, "कामात असतो हो तो." मलाही खरं सांगायचं तर ती गोष्ट गोड थापच वाटायची.

मग एका माघात आमच्या गल्लीतल्या सरस्वतीपूजेच्या मंडळींनी खरोखरच गौरला आणायचं ठरवलं. समोर हरिपद नावाचा जुना, खवट कवियाल. घोषबाबू हातातला चहा सांडत गच्चीवर आले. "आता काय, मास्टरमशाय! आता समोरासमोरच! आम्ही बघतो तो तुम्हाला ओळखतो का!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मजला चढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पूजेच्या दिवशी मी वर गेलो तर चहा तसाच निवलेला होता.

"जोशी," ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. तो मॅट्रिकला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी पळून गेला, कवियालांच्या फडात. आठवड्याने परत आला, गळ्यात हार. मी दारातच म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. नाही दाखवलं. नऊ वर्षं झाली. ही गेली तेव्हाही नाही."

मी निवलेला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

"लहानपणापासून माझं ऐकायचा तो," ते म्हणाले. "हेही ऐकलं. आज ओळख दाखवली नाही तर गल्ली हसेल, त्याचं काही नाही. पण मला कळेल ना, की पोर अजून रागावलंय."

संध्याकाळी मांडव भरला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. दिगंबरपंतांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि हात मांडीखाली दाबून धरले होते. मोटार आली. ती काळीच होती आणि मागच्या काचेला पडदा होता. मी चमकून त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांचं लक्ष मोटारीकडे नव्हतंच. खांद्यावर शाल घेतलेला एक सडपातळ, सावळा तरुण चालत होता, त्याच्याकडे ते बघत होते. "बारीक झालाय," एवढंच म्हणाले.

तासभर गौरने हरिपदला नुसता नाचवला. मांडव डोलत होता. मग त्या खवट म्हाताऱ्याने वर्मी घाव घातला. मराठीत साधारण असा:

"मोटार काळी, दारी माळी, खांद्यावरती शाल,
लिंबूवाल्या, कुणी शिकवला तुला बोलाचा ताल?"

लोक 'ओ' करून ओरडले. ढोल एक आवर्तन फिरला. गौरने तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याला तिसरी रांग दिसली. तो थांबला. ढोल दुसरं आवर्तन फिरला. गौर आमच्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. घोषबाबूंनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. सगळ्या मांडवात एकच गोष्ट पणाला लागली होती. हा माणूस आता नाव घेणार की हरणार.

नंतर कळलेलं आधीच सांगतो. दिगंबरपंतांची बायको दुखणाईत होती. ती झोपली की गुरू-शिष्य आवाज न करता, नुसते ओठ हलवून सवाल-जवाब खेळायचे. सात वर्षं त्यांनी हा खेळ खेळला होता.

शेजारी मला पुटपुट ऐकू आली. दिगंबरपंत गौरच्या डोळ्यांत बघत होते आणि त्यांचे ओठ ठेक्यात हलत होते. मी ओळ ऐकली. आणि क्षणभराने तीच ओळ मंचावरून दणाणली:

"शिट्टीने मज सूर दिला अन् रुळांनी दिला ताल,
गुरू कुणाला म्हणू गड्या मी? धूळच माझी शाल!"

मांडव फुटायचा बाकी राहिला. हरिपदने हात जोडले. लोकांनी गौरला खांद्यावर घेतलं आणि त्या गर्दीतून तो मान वळवून वळवून मागे बघत होता. दिगंबरपंत तोवर खांबाआड जाऊन उभे राहिले होते.

"ऐकलंत ना मास्टरमशाय?" घोषबाबू डोळे पुसत हसत होते. "तो स्वतः म्हणाला, गुरू नाही! धूळ! बोला आता!"

"खरंय घोषबाबू," दिगंबरपंत म्हणाले. "थापा मारत होतो मी. म्हातारपणी असं होतं."

जिना चढताना मला राहवलं नाही. मी त्यांचा दंड धरला. "ओळ तुमची होती. मी ऐकली. स्वतःचं नाव का काढून टाकलंत? तो घेणार होता ना?"

ते पायरीवर बसले. दम घेतला. मग डोळ्यांतून पाणी वाहत असताना, अगदी खुशीत म्हणाले, "घेणार होता हो. ओठांवर आलं होतं, मी वाचलं की! पण गळा दाटला होता त्याचा. नाव घेतलं असतं तर रडला असता, आणि ठेका सुटला असता. सगळ्यांसमोर हरला असता पोर."