सुभेदार आबांची शिबंदी

आमच्या शेजारचे सुभेदार आबा घराला कधी कुलूप लावू देत नाहीत. रहिमतपूरच्या बाजाराला जायचं असो नाहीतर देवाला, एक माणूस मागं ठेवायचाच. त्या माणसाला ते ‘शिबंदी’ म्हणतात आणि निघताना अंगणात रीतसर त्याची नेमणूक करतात. मागं सगळे वाईला निघाले तेव्हा पाळी माझ्यावर आली.

"आबा, माझं घर लागूनच आहे. तिथून लक्ष ठेवतो," मी म्हणालो.

"मास्तर, शेजारच्या गडावरनं ह्यो गड राखता येत न्हाई!"

दिवसभर मी त्यांच्या ओसरीवर बसून होतो आणि त्यांची म्हैस संशयानं माझ्याकडं बघत होती.

शिबंदी म्हणजे काय, हे आबांना विचारावं लागत नाही. "मोहिमेवर जातं ते लष्कर. माघारी गडावर ऱ्हाती ती शिबंदी. नाव लष्कराचं हुतं, गड शिबंदीमुळं टिकतो." मग शब्दाचं मूळ. "फारशी हाय. सिह म्हंजी तीन. तीन-तीन म्हयन्यांनी पगार मिळायचा, म्हणून शिबंदी, असं जाणकार म्हणत्यात." हे त्यांनी गॅसवाल्याला ऐकवलंय, विजेचं मीटर बघायला आलेल्या पोरीला ऐकवलंय आणि एकदा सत्यनारायणाला, कथा थांबवून, भटजींनाही. अशा वेळी स्वयंपाकघरातून काकींचा, म्हणजे आबांच्या मंडळींचा, आवाज येतो, "तीन म्हयन्यांनी का हुईना, त्यास्नी मिळायचा तरी. तुमी नोकरीला, आन मी हितं गड राखत, फुकट!"

यंदा आबांच्या भाचीचं लग्न निघालं, तासगावला. आबा सख्खे मामा. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामानंच उभं राहायचं असतं. पण आदल्या दिवशी आबांनी जाहीर केलं, "शिबंदीला मी ऱ्हातो."

काकींनी कपाळावर हात मारला. मी घाईनं म्हणालो, "आबा, तुम्ही जा. मी थांबतो की. म्हैस आता ओळखते मला."

आबा मला बाजूला घेऊन गेले. त्यांचा मुलगा संदीप सीमेवर आहे. त्यानं रजा मागितली होती, पण मिळाली की नाही ते कळेना आणि दोन दिवस फोनही लागेना.

"मी एकदा असाच न कळवता रजेवर आलो हुतो," आबा हळू आवाजात म्हणाले. "दाराला कुलूप. समदी लग्नाला गेल्याली. पायरीवर बसून ऱ्हायलो, मास्तर. नगं नगं ते मनात आलं. पोरगं आलं तर दारात घरचंच मानूस पायजे."

आबांनी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला त्यांचा फेटा बांधला आणि मला बदली मामा म्हणून तासगावला धाडलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी नवरीच्या मागं ताठ उभा, आणि वऱ्हाडी एकमेकांना विचारतायत की हा मामा कुठला. तेवढ्यात मांडवाच्या दारात वर्दीतला संदीप दिसला, खांद्यावर बॅग. सगळ्यांना चकित करायचं म्हणून गडी मिरजेला उतरून परस्पर आला होता. आबा नवरीचे मामा, म्हणजे इथंच असणार, हा त्याचा हिशेब. आबांच्या जागी मला, आणि माझ्या डोक्यावर आबांचा फेटा बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मास्तर, आबा कुठं हायत?"

"बरे आहेत रे! तुझीच वाट बघत घरी बसलेत."

अक्षता पडल्या आणि तो निघालाच. मी माझ्या गाडीवरून त्याला घेऊन आलो. पोचेपर्यंत दिवस कलला होता. आबा दारातच उभे होते. पाणी तापलेलं, पाटावर धुतलेले कपडे, टॉवेल. सकाळपासून मांडून ठेवलेलं सगळं.

"किती येळ रं? पानी सारखं गार हुतंय," ते ओरडले.

संदीप पायरीवर बसला. आणि सुभेदार आबा, ज्यांच्यापुढं अख्खी गल्ली सावधान उभी राहते, ते खाली बसून पोराच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. संदीप "आवं आबा, आबा" म्हणत पाय मागं घेत होता. आबा पाय सोडत नव्हते. गाठ काही सुटत नव्हती. मी म्हशीला वैरण टाकायला निघून गेलो.