शमूचा अडलेला प्रबंध

माझी बायको शांता मंगळवारी सकाळी वारली. दुपारी दफन झालं. संध्याकाळी पाळकसाहेब पुन्हा घरी आले आणि ओट्यावर बसलेल्या तिच्या भाच्याला, शमुवेलला, त्यांनी विचारलं, "घरची मंडळी कशी आहेत?"

अशा प्रश्नाला 'आहेत आपली' एवढं उत्तर पुरतं. शमू म्हणाला, "सगळ्यांचं एकत्र नाही सांगता येणार. काका सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत. आई रडतेय. धाकटी मावशी रडत नाही, ती चिडलीय, कारण पेटीवरची फुलं तिला न विचारता आणली. फिलिपमामा झोपलेत."

फिलिपमामा शेजारच्याच खुर्चीत होते. ते सावरून बसले.

शमू माझ्या थोरल्या मेव्हणीचा मुलगा. पुण्यात कर्करोगावर पीएच.डी. करत होता आणि त्याचं सहावं वर्ष चालू होतं. पदवीचा पत्ता नसला तरी आमच्या गावात, देवळाली प्रवरात, तो केव्हाच 'डॉक्टर' झालेला. सुटीला आला की बायाबापड्या गुडघे दाखवायला यायच्या. "मी पेशी बघतो, माणसं नाही," असं तो सांगे.

"मंग गुडघ्यातली बघ की येखादी," एक आजी म्हणाल्या.

शमूनं खरोखर विचार केला. "गुडघ्याचा तुकडा काढावा लागेल," तो म्हणाला. त्यानंतर गुडघे यायचे बंद झाले.

'सरासरी काढू नका' हे त्याचं पालुपद. पोहे दिले तर आधी सगळे दाणे, मग बटाटा, मग मिरच्या, शेवटी नुसते पोहे. कसे झालेत म्हणून विचारलं तर, "दाणे उत्तम. मिरचीचं वेगळं सांगतो." इतर जण वैतागायचे. शांता मात्र पदर खोचून समोर बसायची. "सांग बाबा, एकेकाचं सांग."

मी हायस्कुलात मराठी शिकवलं. त्याचं शास्त्र मला कळलं ते रसवंतीवर. आमचे शेजारी भाऊसाहेब सोबत होते. शमूनं रसाचा ग्लास उजेडात धरला.

"भाऊसाहेब, दहा ऊस एकत्र पिळले. गोडी कळली. पण त्यातला एक आतून कुजका होता, ते कळलं का?"

"न्हाई बा."

"गाठीचंही तसंच. आधी सगळी गाठ एकत्र वाटून बघायचे. मी ऊस पिळत नाही. एकेक वेगळा चाखतो. एकेक पेशी."

भाऊसाहेबांनी रस्त्यापलीकडच्या फडाकडे पाहिलं. "आरं, मंग समदा फड चाखायला जल्म जाईल की!"

"सहावं वर्ष चालू आहे," शमू म्हणाला.

शांता गेली त्याच्या दोन वर्षं आधी तिला गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन ठरलं. त्या दवाखान्यातून शमूच्या प्रयोगशाळेत गाठींचे तुकडे जात, अर्थात रुग्णाची संमती असेल तरच. शांतानं फॉर्म मागवून घेतला.

"यावर तुझं नाव राहणार नाही, मावशी. फक्त क्रमांक," शमूनं तिला बजावलं. "आणि याचा तुला काही उपयोग नाही. झाला तर पुढे कधीतरी दुसऱ्या कुणाला होईल. तेही नक्की नाही."

त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, जरा गोड बोलायला काय होतं तुला?"

शांता हसली. "इतकं खरं तर पाळकसुद्धा बोलत नाहीत," म्हणाली, आणि सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी शमू दवाखान्यात फिरकला नाही. पेशी जिवंत आहेत तोवरच तुकडा हाताळावा लागतो आणि तो प्रयोगशाळेत बर्फाच्या डब्याची वाट बघत बसला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तोवर धाकट्या मावशीनं त्याच्याशी अबोला धरला होता. अबोला धरलाय हे शमूच्या लक्षात यायला दोन महिने लागले.

शांता गेल्यावर त्याचा प्रबंध अडला. सगळे म्हणायचे, आळस. मीही म्हणायचो. एका रविवारी उपासनेनंतर तो माझ्याकडे आला. पोहे खाल्ले नाहीत.

"काका, एक नमुना राहिलाय. तो वाचून झाला की प्रबंध संपला."

"मग वाच."

"वाचायची, म्हणजे तिच्या आत काय लिहिलंय ते बघायचं, तर पेशी फोडावी लागते. फोडली की ती गेली."

"आणि इतकी वर्षं काय करत होतास?"

"फोडतच होतो." तो बोटांकडे बघत राहिला. "हा नमुना कुणाचा ते मला माहीत नाही. नियमानं."

"आणि नियम सोडून?"

"ऑपरेशनच्या दिवशी एकच डबा आला होता. अर्धा मी तेव्हाच वाचून काढला. उरलेला गोठवलाय, जनावरांच्या दवाखान्यात असते ना, तसल्या नायट्रोजनच्या टाकीत. कुपी एवढीशी आहे. पेशी जिवंत आहेत, काका. त्यांनीच तिला मारलं, ते मला कळतं. पण तिच्या आहेत."

मी पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

"गाइडबाई विचारतात, का थांबलास? मी सांगतो, रसायन यायचंय. वर्ष झालं, तेच सांगतोय."

शमू खोटं बोलू शकतो, हे मला तेव्हा समजलं.

राहू दे, असं म्हणावंसं मला फार वाटलं. मी उठून पाणी प्यालो.

"तिनं सही कशासाठी केली होती?"

"पेशी वाचून बघायला."

"ठेवायला दिलं होतं का?"

"नाही."

"मग वाच."

शमू त्याच दुपारी पुण्याला गेला. पुढे तीन आठवडे त्यानं फोन केला नाही. मीही केला नाही. मग एकदा लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर ठिपक्यांचे थवे होते, प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. त्यानं एकेकीचं सांगायला सुरुवात केली. चहा निवला, उन्हं कलली, तरी तो सांगत होता आणि मी ऐकत होतो.

कुपी आता रिकामी आहे. प्रबंध बांधणीला गेला आहे. त्यात शांताचं नाव कुठे नाही. शेवटच्या प्रकरणात एक क्रमांक आहे, आणि तो कुणाचा हे आम्हा दोघांना माहीत आहे.