आ कर!

नांदूरघाटात माणसं भेटली की राम राम म्हणतात. रुक्मिणआक्का म्हणायची, "आ कर!"

तिचा जन्म मेंढरांत गेलेला. जनावराचं वय ती दातावरून सांगायची, आणि माणसाची तब्येतही तिथंच कळते अशी तिची खात्री होती. सरपंचांनाही तिनं एकदा भर सभेत आ करायला लावलं. त्यांनी मुकाट्यानं केला.

विहिरी आटल्या त्या वर्षी आमच्या दूध सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी काढली. मी सहा महिन्यांची पोटुशी, दोन म्हशी घेऊन सासूबाईंबरोबर तिथं राहायला गेले. शेजारच्या खोपीत मेंढरं विकून उरलेल्या एका गायीसह आक्का.

तेव्हा माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. सासूबाईंचं फर्मान होतं, "रगत चाललंय, दाताला हात लावू नगस." टँकरच्या पाण्याची मारामार, त्यामुळे मलाही ते सोयीचंच होतं.

आक्कानं माझं तोंड बघून कपाळावर हात मारला. "कावून घासत न्हाईस गं? घासत न्हाईस म्हणूनच रगत येतंय! आन् ही दाढ लई सडलीया."

चौथ्या दिवशी गाल सुजला, घास गिळेना. पोटुशीच्या दाताला डॉक्टरनं हात लावला की मूल दगावतं, अशी सासूबाईंची समजूत. त्या भीतीनं मीही रडकुंडीला आले होते. "उपाशी ऱ्हाऊन लेकरू जगंल व्हय?" असं त्यांना विचारून आक्का मला घेऊन बीडच्या एसटीत बसली.

दवाखान्यात माझं वय विचारलं, तर आक्का म्हणते, "दात जुळल्यात हिचे!" सगळे दात आलेल्या जनावराला आमच्याकडे जुळलेलं म्हणतात. डॉक्टरीणबाई पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "पोटात बाळ असलं तरी दात दाखवावेत. बरं झालं आणलंत." दाढ काढली, हिरड्या साफ केल्या. दोन दिवसांत मी भाकरी खाऊ लागले.

पोरगी चांगली गुबगुबीत झाली. छावणी उठल्यावर गावात आक्कानं तिचाही ताबा घेतला. दूध पाजलं की ओल्या फडक्यानं हिरड्या पुसायच्या. पहिला दात दिसला तेव्हा तिनं गल्लीभर पेढे वाटले, आणि पोरीच्या ओठाला पेढा लावणाऱ्याच्या हातावर चापट मारली.

स्वतः मात्र बोलताना, हसताना ती तोंडावर पदर घ्यायची. मला वाटायचं, लाजते.

पोरगी तीन वर्षांची असताना एकदा आक्काच्या मांडीवर बसली, तो पदर खाली ओढला आणि म्हणाली, "आक्का, आ कल!"

आक्कानं पदराकडे हात नेला. मग तिनं आ केला. आत एकही दात नव्हता.

"पाच बाळंतपणात हलत हलत गेले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमच्या घरात हरेक मेंढीचं त्वांड उघडून बघायचे गं. माजं कुणी बघितलं न्हाई."

जिच्यामुळे मी आणि माझी पोरगी धडधाकट आहोत, तिच्या तोंडाकडे मीही कधी बघितलं नव्हतं.

पोरीनं आपलं फडकं आणलं, ओलं केलं आणि आक्काच्या हिरड्या सावकाश पुसायला लागली. आक्का डोळे मिटून, आ करून बसून राहिली.