खांब कोणी हलवला?

मास्तरांनी गाडी पुन्हा एकदा स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला घासली आणि पुन्हा एकदा घरात येऊन बायकोला विचारलं, "हा खांब कोणी हलवला?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. खांब सिमेंटचा आहे आणि घर बांधलं तेव्हापासून तिथेच आहे, असं काही ती म्हणाली नाही. तसं म्हटलं की पुढे काय ऐकावं लागतं, ते तिला पाठ होतं. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, म्हणजे शेजारच्या सीटवर बसून, पायाशी बसवून घेतलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या गावाचा उद्धार केला होता. गाव त्यांना तोंडावर मास्तर म्हणे आणि पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणे. शिकवायची राहिली होती ती एकटी बायको. लग्नानंतर तिने हौसेने एकदा विचारलं होतं, तेव्हा "तुझी नजर रस्त्यावर ठरायची नाही" असा निकाल त्यांनी दिला होता, आणि त्यांच्या निकालावर अपील नसे.

अलीकडे घरातल्या वस्तू मास्तरांच्या वाटेत येऊ लागल्या होत्या. स्टूल गुडघ्याला लागे, कपाटाचं उघडं दार कपाळाला लागे, टेबलावरचा कप कोपराने खाली जाई. दर वेळी बायकोनेच वस्तू भलतीकडे ठेवलेली असे. त्यात एके दिवशी बायको म्हणाली, की हल्ली रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मला वर्तुळं दिसतात. मास्तरांना हवं ते सापडलं. तुला दिसत नाही म्हणूनच घरात ही पाडापाड चालते, असं तिला सांगून ते तिला डोळे तपासायला घेऊन निघाले. बायको त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती. "पायरी आहे," "स्कूटर येतेय," असं तिचं चाललं होतं. हिला काही गप्प चालता येत नाही, असं मास्तर मनाशी म्हणाले.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत डोळे तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली. तिला ते एकेकाळी रोज विचारायचे, की डोळे काय शोभेला दिलेत का. तिने ते विसरल्यासारखं दाखवलं. बायकोला खुर्चीत बसवून तिने बराच वेळ एकेक डोळा बघितला, आणि आता काय ते सांगणार, तोच मास्तर बायकोला म्हणाले, "तू बाहेर जाऊन फ्रेम बघ. मी ऐकतो काय ते."

"सर, डोळे त्यांचे आहेत," ऑप्टोमेट्रिस्ट म्हणाली. पण बायको सवयीने उठून बाहेर गेलीसुद्धा.

बायकोला मोतीबिंदू धरत होता, पण अगदी सुरुवात होती. आत्ता नवा चष्मा पुरे, पुढे लागलंच तर साधं ऑपरेशन, घाबरण्यासारखं काही नाही. एवढ्यावर मास्तर उठले असते तर ते ब्रेकमास्तर कसले? डोळे कसे असावेत ते बघ, असं म्हणून ते स्वतःच खुर्चीत बसले आणि समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. त्याखाली बारीक अक्षरात तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"मधलं उत्तम दिसतंय," ती म्हणाली. "बाजूचं दिसतं का ते बघू."

तिने डोळ्यांतला दाब मोजला, भिंगातून मागची नस बघितली आणि मग त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. पण ब्रेक दाबण्यात मास्तर आजवर कोणाच्या मागे राहिले नव्हते. दोन-चार दिव्यांतच त्यांनी यंत्राचा ठेका पकडला आणि दिवा लागायच्या आधीच बटण दाबायचा सपाटा लावला.

"सर, दिवा नसताना दाबताय तुम्ही."

"त्याला अंदाज म्हणतात. ड्रायव्हरला लागतो."

ऑप्टोमेट्रिस्टने तपासणी पहिल्यापासून सुरू केली. या वेळी दिसल्याशिवाय दाबायचं नाही, असं तिने मास्तरांकडून कबूल करून घेतलं. मास्तर ठिपक्याकडे बघत बसले. बराच वेळ काहीच झालं नाही.

"बंद पडलं वाटतं तुझं यंत्र," ते म्हणाले.

"चालू आहे, सर."

तपासणी संपल्यावर तिने त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत होता, आणि डाव्या बाजूचं बरंच गेलं होतं. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. माणूस मान वळवून वळवून निभावून नेतो. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं थेंबांनी राखता येईल, मात्र थेंब रोज न चुकता घालायला हवेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जायला हवं. "आणि ते हो म्हणेपर्यंत त्या सीटवर बसू नका," ती म्हणाली. "शिकणाऱ्याचा जीव तुमच्या पायात असतो, हे तुम्हीच सांगायचात."

"तू टेस्टमध्ये दोनदा नापास झाली होतीस," मास्तर म्हणाले आणि बाहेर आले.

वाटेत बायकोने विचारलं, काय म्हणाली ती? मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती सीट आली, तो ब्रेक आला. गावाला कळलं तर उद्या कोण आपली मुलगी त्यांच्याशेजारी बसवणार? ती सीट गेली तर मास्तरांचं काय उरणार? फाटकाचे खांब मोजणारा एक म्हातारा उरणार.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले.

"कोणाला?"

मास्तरांनी पावलं भराभर टाकली. "तुला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेव्हणी बॅग घेऊन हजर झाली. तिने ताईला गळ्याशी धरून रडून घेतलं आणि लगेच घराचा ताबा घेतला. ताईने शेगडीच्या धगीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, सुई ओवायची नाही. "मग स्वयंपाक?" असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा मेव्हणीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मास्तर भात करपवायला शिकले. मग कमी करपवायला शिकले. बायको खिडकीशी पाय वर घेऊन बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची सहानुभूती स्वीकारत असे. फोनवर मुलगा म्हणाला, की बाबा, आईला जपा. जुने विद्यार्थी भेटून म्हणाले, की मास्तर, तुमच्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं. यावर मास्तर मान खाली घालत आणि लोकांना तो विनय वाटे.

स्वतः ते टायर बघायला जातो सांगून डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि थेंब दिले. ती बाटली त्यांनी दाढीच्या सामानामागे लपवली. बायकोसाठी डोळे ओले ठेवायचे साधे थेंब आणले आणि रोज सगळ्यांसमोर तिच्या डोळ्यांत घातले. तिची बाटली भराभर संपे. त्यांची मात्र संपतच नव्हती. निम्मे थेंब गालावरून ओघळत, तरी बाटलीत उरतच. आजकाल इतकी इमानदार कंपनी सापडायची नाही, असं मास्तरांना वाटलं. थेंब चालू होते, म्हणून सीटही चालू होती. शिकायला येणारी पोरं नवखी होती, भिऊन हळू चालवत होती, आणि मास्तर त्यांच्यावर ओरडत होते.

घोळ झाला तो मेव्हणीमुळे. परत जायला निघताना तिने डोळे पुसत विचारलं, "ताई, नजर आहे तोवर काही करायचं राहून गेलंय का गं?"

बायकोने खिडकीबाहेर बघत विचार केल्यासारखं केलं. "गाडी शिकायची राहिलीय," ती म्हणाली.

"भावजी, उद्यापासून शिकवा तिला."

"अगं, आंधळी होणाऱ्या बाईला गाडी?"

"मग काय आंधळी झाल्यावर शिकवणार?"

खरं उत्तर मास्तरांना देता येत नव्हतं.

शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. नापास करायची तयारी ठेवूनच मास्तर बसत. पण बायको आरसा बघे, मान वळवे, सावकाश क्लच सोडे. मास्तर अंगणात इतकी वर्षं पोरांना जे ओरडून सांगत आले होते, ते तिने घड्या घालता घालता ऐकलेलं होतं. चूक सापडेना म्हणून मास्तर चिडचिड करू लागले. नजर रस्त्यावर ठेव, असं ते तिला सारखं बजावत होते, आणि ते बजावत असतानाच गाडी गचका खाऊन थांबली. मास्तरांचं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं.

"हे काय? कशाला थांबवलीस?"

"सायकल होती. डावीकडून आली. बरोबर पुढ्यातून गेली."

"बघितली मी."

"कोण होतं सायकलवर?"

मास्तरांचा पाय अजून ब्रेकच्या वर, हवेतच होता. त्यांनी मान वळवली. एक शाळकरी मुलगी सायकल हातात धरून मैदानाच्या कडेला उभी होती. पांढरीफटक पडली होती.

ती निघून गेली. मग मास्तरांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"खांब हलला तेव्हा. काय झालंय ते माहीत नव्हतं, पण डावीकडचं तुम्हाला दिसत नाही, एवढं कळलं होतं."

"मग काचबिंदू तुला आहे म्हटल्यावर काही बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशी मला ते खरंच वाटलं." बायको समोरच बघत होती. "मला वाटलं, दोघांनाही झालंय. रात्रभर दिवा लावून बसले होते मी. जेवढं दिसतंय तेवढं बघून घ्यावं म्हणून. तुम्ही झोपला होतात, तुमच्याकडेही बघत होते. सकाळी जाऊन त्या डोळे तपासणारीला विचारलं. तिने तुमचं नाव काढलं नाही. काचबिंदू मला नाही, एवढंच म्हणाली. घरात माणसं दोनच."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. रागावर ओरडता येतं.

"तुमची बाटली संपत का नाही, हे कधी मनात आलं का हो?" तिने विचारलं. "संपायच्या आत त्याच औषधाची नवी आणून ठेवत होते मी."

मास्तरांना शरम वाटली, आणि ती लपवायला या वेळी काही सुचलं नाही. ते म्हणाले, "आता घरी गेल्यावर लोकांना काय सांगायचं?"

"ते तुम्ही सांगा. माझ्याबद्दल तुम्हीच सांगितलं होतंत ना? तसंच." तिने गाडी गिअरमध्ये टाकली. "आणि स्वयंपाक चालू ठेवा. हल्ली भात करपत नाही."

बायको परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरली. मास्तरांनी कारण सांगितलं ते खरं सांगितलं, आणि नशिबाने मिळणाऱ्या नवऱ्याचं कौतुक जितक्या लवकर आलं होतं त्याहून लवकर गेलं. नंतर एका सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं, तेव्हा बायको गाडी काढू लागली. मास्तर शेजारच्या सीटवर बसले. डावीकडे खांब असणार हे त्यांना माहीत होतं, दिसत नव्हता. गाडी फाटकापाशी आली तसा त्यांनी सगळा जोर लावून पाय दाबला. पाय सरळ गाडीच्या तळावर आपटला. जादा ब्रेक बायकोने गॅरेजवाल्याकडून कधीच काढून घेतला होता.

गाडी कुठेही न घासता बाहेर पडली. मास्तरांनी मान पूर्ण वळवून मागे बघितलं. खांब जागेवरच होता.