फळी, बाबा आणि अडून बसलेला ठोकळा

"सर, प्रदर्शनात तुमच्या लाल चौकोनाऐवजी माझा फिरणारा ठोकळा ठेवला तर?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, चिमटीने लावली होती. संगणकाच्या सरांचा तो चौकोन दरवर्षी प्रदर्शनात पडद्यावर नुसता बसून असतो, रुसलेल्या पाहुण्यासारखा!

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी चालवून दाखव. चालला तर तुझा ठोकळा. नाहीतर माझा चौकोन आहेच!"

"चालणारच, सर!" माझ्या डाव्या हाताचा मळ!

घरी आले, बाबांच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला, तो चालता करणारी बिल्डची आज्ञा दिली... आणि पडदाभर लाल अक्षरं! प्रत्येक ओळीत एकच रडगाणं: अनडिफाइन्ड रेफरन्स. म्हणजे, 'तू बोलावलेलं हे फंक्शन मला कुठे सापडतच नाही, बाई!' तक्रार लिंकरची. माझी फाइल आणि लायब्ररी, म्हणजे चित्रं काढणाऱ्या तयार फंक्शन्सचा गठ्ठा, यांची मोट बांधणं हे त्याचं काम.

सापडत नाही? मग घे! नावात 'ग्राफिक्स' दिसेल ती लायब्ररी मी इंटरनेटवरून उतरवत सुटले. लिंकर ढिम्म! आणखी उतरवल्या.

तेवढ्यात बाबा आले. "जरा दे गं, उद्याच्या मीटिंगची फाइल सेव्ह करतो... जागा नाही? काल तर अर्धी डिस्क रिकामी होती!"

"बाबा, आईला मदत हवीय का बघा ना!" मी घाईघाईने विषय बदलला.

आई शेजारच्या खोलीत भिंतीला फळी बसवत होती.

"काही मदत?" बाबांनी विचारलं.

"आत्ता काही नको."

बाबा गॅलरीत गेले. ते जातात न जातात तोच आईची हाक, "अहो, फळी धरा! सुटतेय!"

"मघाशी तर नको म्हणालीस!"

"मघाशी नको होती! आत्ता हवीय!"

मी खुर्चीतून टुणकन उडाले. आई म्हणजे डिट्टो लिंकर! तोही त्या क्षणी काय हवंय तेवढंच बघत, आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आणि मी लायब्ररीचं नाव आधी लिहिलं होतं, माझी फाइल नंतर. बिचारी लायब्ररी आली, "काही मदत?" म्हणाली. तोवर कुणाचं काहीच अडलं नव्हतं, म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. मग माझी फाइल आली, मदत मागू लागली, तर लायब्ररी गॅलरीत!

नाव उचललं, आज्ञेच्या शेवटी नेऊन ठेवलं. एंटर!

एकही लाल ओळ नाही! आणि माझा ठोकळा फिरला हो! डौलात गिरक्या घेत!

"आई! बाबा! धावत या!"

दोघंही धावत आले. दोघंही! मागे फळी धाडकन खाली.

आई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. बाबा मात्र ठोकळ्याकडे. "हे तू केलंस?" त्यांनी हळूच विचारलं. आईचेही हात कमरेवरून खाली आले.

हीच वेळ होती. मी उभी राहिले, घसा साफ केला.

"आई, बाबा, माझं ठरलंय! मी मोठेपणी हेच करणार. उद्या शाळेत ठोकळा, पुढे अख्खा गेम! आणि बाबा, हा लॅपटॉप आजपासून माझा. तसंही तुमची फाइल आता त्यात मावणार नाहीये."