राजाचं नाक आणि आमचे बाबा

आमच्या बाबांना एकच व्यसन होतं. खिशात हात घालून ते चांदीचं एक जुनं नाणं अंगठ्याने चोळत बसत. लग्नानंतर बाबा पहिल्यांदा कामावर निघाले, तेव्हा आईने ते त्यांच्या हातात ठेवलं होतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी चोळणं चालूच होतं. मी एका जबाबदार खात्यात कारकून असल्यामुळे मालमत्तेची अशी झीज मला बघवत नसे.

त्यातच जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने सांगितलं, की हे नाणं पाडणारी टांकसाळ चाळीस दिवसांत बंद पडली होती. अशी नाणी आता बोटांवर मोजण्याइतकी. मी ते रीतसर ताब्यात घेतलं, म्हणजे दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर, आणि थेट नाणे प्रतवारी मंडळ गाठलं.

तिथल्या तज्ज्ञांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"राजाला नाक नाही हो."

"बाबांनी झिजवलं," मी खरं ते सांगून टाकलं.

"नाकासकट असतं तर पहिली प्रत होती. आता 'हाताळलेले', प्रत सातवी." त्यांनी नाणं पारदर्शक डबीत घालून मोहोर लावली. "डबी उघडली की प्रत रद्द."

घरी बाबांनी हात पुढे केला. "दे रे जरा. दोनच मिनिटं."

"बाबा, ते आता नुसतं बघायचं असतं."

"बघायला काय ठेवलंय त्यात? नाकसुद्धा नाही."

"द्या हो त्यांना," बायको आतून म्हणाली. "सासूबाईंनी त्यांना दिलं होतं, मंडळाला नाही." हिला प्रतवारीतलं ओ की ठो कळत नाही.

मग बाबा डबीच चोळू लागले. महिन्याभरात ती धुरकट झाली, आणि वार्षिक तपासणीत ते उघडकीला आलं. नोटीस आली: 'झीजकर्त्यास मूळ अंगठ्यासह समक्ष हजर करावे.'

तज्ज्ञांनी बाबांचा अंगठा भिंगाखाली धरला आणि ते खुर्चीतून उडालेच. अंगठ्याच्या रेषांत चांदी चमकत होती.

"सापडलं! नाक इथे आहे!"

तिघांची समिती बसली. निष्कर्ष सरळ होता. नाणं झिजलेलं नव्हतंच, ते दोन ठिकाणी विभागून ठेवलेलं होतं. दोन्ही भाग एकत्र मोहोरबंद केले, तर प्रत पहिली.

"अंगठा हवा तर घ्या," बाबा म्हणाले, "पण बाकीच्या माझं काय?"

नियमात त्याचीही सोय होती. "बाकीचे आपण जोडपत्र म्हणून राहाल."

"तिथे नाणं हातात मिळेल?"

"शेजारच्या कप्प्यात ठेवू. हातात दिलं तर पुन्हा झीज."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पहिली प्रत काही रोज चालून येत नाही. मी सही केली.

आता मंडळाच्या दालनात बाबांची काचेची खोली आहे. पंखा, खुर्ची, दोन वेळचं जेवण, सगळं नियमाप्रमाणे. प्रमाणपत्रावर लिहिलंय, 'उत्कृष्ट, अस्पर्श.' पहिल्या दिवशी बायको काचेला डोकं टेकून रडली, तेव्हा रखवालदाराने तिला फडकं दिलं, काच पुसायला. मी दर रविवारी जातो. लांबून हात हलवतो, तेही हलवतात. वडिलांना किती छान ठेवलंय, असं लोक म्हणतात.

परवा एक गृहस्थ मात्र भडकले. "लाज नाही वाटत? जन्मदात्याला काचेत बसवून हात हलवताय?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर एक म्हातारी दिसत होती. त्यांनी तिला हात हलवला, "आई, बरी आहेस ना? चल, ठेवतो," म्हणाले आणि उरलेलं भडकायला माझ्याकडे वळले.

तुम्हीही भडकला असाल. हरकत नाही. मंडळाचे अर्ज माझ्याकडे मिळतात. त्यात एकच रकाना नीट भरावा लागतो: आईवडिलांचा हात आपण शेवटचा कधी धरला होता? जितकी जुनी तारीख, तितकी वरची प्रत.